आरएक्स 100 म्हणून घेतली, निघाली 135

इंजिनचं हेड उघडायच्या आधीच मी माझ्या जुन्या यामाहा आरएक्स 100 बाइकसाठी नवा पिस्टन-रिंग सेट घेऊन गॅरेजला गेलो होतो. मेकॅनिकनं हेड काढलं, माझा पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात धरला आणि हसायलाच लागला. पिस्टनच्या बाजूनं चांगली फट दिसत होती. "दादा, तुमची 100 नाय ही." मोजायला व्हर्निअर लावला तर बोअरचा व्यास 58 मिलिमीटर. आरएक्स 100 चा असतो 50.

गाडी मी सव्वा लाखाला घेतली होती. निळा टँक, क्रोमचे मडगार्ड, साइड पॅनलवर 'आरएक्स 100'. आता कळतंय की टँकपासून स्टिकरपर्यंत सगळं नवं बाजारात मिळतं आणि तासाभरात यामाहाच्याच आरएक्स 135 ची 100 करता येते. 135 च्या पाच गिअरच्या गाड्याही होत्या. तशी असती तर पहिल्या फेरीतच पकडली असती. ही नेमकी चार गिअरची, आणि 100 लाही चारच. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीही दोन्हींची 50, फरक सगळा सिलिंडरच्या पोटात. 98 सीसीच्या जागी 132. बाहेरून काय दिसणार? ओढ जरा जास्तच वाटली, तर मी म्हटलं, वा, काय जपलीय गाडी!

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. विकणाऱ्यानं आरसीची झेरॉक्स दाखवली, तीही अशी की वर्ष नीट वाचता येईना. मूळ आरसी एजंटकडे आहे म्हणाला. मी '1999 आहे का?' असं विचारलंही होतं. त्यावर, "शोरूमला पडून होती, नोंद उशिरा झाली." आरएक्स 100 ची निर्मिती 1996 मध्येच थांबली, हे मला पाठ होतं. तरीही तीन वर्षं शोरूमला पडून राहिलेली गाडी मी गिळली. ज्या गाडीमागं पोरं वेडी होती ती पडून राहील का? मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, वर काय भरलंय ते न वाचता.

कमाल पुढं आहे. ट्रान्सफर होऊन कार्ड आलं, त्यावर क्युबिक कपॅसिटी 132 स्वच्छ छापली होती. मी ते पाकिटात ठेवलं आणि दोन महिने मिरवत हिंडलो. म्हणजे कागद खोटे नव्हतेच, खोटी होती ती फक्त रंगरंगोटी.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी मूळ आरसी हातात घ्या. निर्मितीचं वर्ष आणि सीसी वाचा, चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या पंचिंगशी एक-एक आकडा ताडून बघा. सोबत जुना मेकॅनिक न्या, त्याची दिवसाची मजुरी गेली तरी चालेल. 135 वाईट गाडी नाही, पण ती 135 च्या भावात घ्या.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "गाडी चालतीय ना?" नंतर नंबर बंद. परवा त्याचीच जाहिरात दिसली. लाल रंग, नंबरप्लेटवर फडकं, आणि वर्षाच्या जागी नुसतं 'ओरिजिनल'.