दागिन्यांच्या गोष्टींची इंटर्नशिप: म्युझियम, हुपरी की ओळखीपाळखीची घरं?

एमएच्या पोरांना हल्ली पहिल्याच वर्षी ४ क्रेडिटचं ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरची इंटर्नशिप) असतं, क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास झाले. इतिहास, मराठी, म्युझिऑलॉजी, मास कॉमवाल्यांपैकी बरेच जण मग "दागिने आणि त्यांच्या गोष्टी" हा विषय उचलतात, कारण ऐकायला सोपा वाटतो, घरी आजीची ठुशी असतेच, आणि रील पण भारी होतं. अडतं ते जायचं कुठे यावर. शहरातलं एखादं म्युझियम, हुपरी नाहीतर कोल्हापूरच्या गुजरीसारखी कारागिरांची जागा, किंवा सरळ घरोघरी जाऊन बायकांशी बोलणं, हे तीन पर्याय असतात. मी हे काम आधी शिकाऊ म्हणून केलंय आणि आता मेंटर म्हणून करते, तर माझं मत आधीच सांगून टाकते: जागेचं नाव बघून ठरवू नका, मेंटर आठवड्यातून किती वेळ खरोखर तुमच्याशेजारी बसणार ते विचारून ठरवा. नाव मोठं असलं तरी शेजारी कोणी नसेल तर १२० तास नुसते भरले जातात.

आता एकेक.

म्युझियम

इथे शिकायला मिळते ती वस्तू वाचायची सवय, आणि ती दुसरीकडे कुठे इतकी नीट मिळत नाही. पुतळ्यांची (नाण्यासारख्या गोल चकत्यांची) माळ आपण लांबून बघतो आणि "छान आहे" म्हणून पुढे जातो, पण भिंग लावून एकेक पुतळी बघितली की कळतं की सगळ्या एका ठशाच्या नाहीत. पुतळीचं मूळ व्हेनिसच्या डकॅट नाण्यात आहे, त्यावर व्हेनिसचा शासक एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला असतो, आणि इकडे नक्कल होत गेली तशी ती माणसं ओळखू येईनाशी होत जातात. म्हणजे आपली खणखणीत मराठमोळी माळ, आणि गळ्यात व्हेनिसचे लोक! बोरमाळेचं पण तसंच. मणी भरीव वाटतात, पण वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख, आणि मणी चेपलाय किंवा फुटलाय तिथून ती लाख दिसते. असं काही दिसलं की ही माळ रोज वापरात होती की फक्त लग्नाकार्याला बाहेर निघायची याचा अंदाज करता येतो. दोरा बघा, फासा (माळ अडकवायची कडी) बघा, कुठे नंतरचा डाग (धातूचा जोड) दिलाय का बघा. चांगला मेंटर हे हातात देऊन दाखवतो (ग्लोव्हज घालून, कारण चांदीला घामाचा हात लागला की ती काळवंडते).

खोट कुठे आहे, तर माणूस नसतो. रजिस्टरमध्ये नोंद असते "ठुशी, सोने, विसावे शतक", फार तर देणाऱ्याचं नाव, आणि ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. घालणारी कोण होती, तिने ती कशी मिळवली, का दिली, काहीही नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय या बाबतीत जरा वेगळं वाटतं, कारण ते उभंच राहिलंय घरातल्या रोजच्या वस्तूंवर, अडकित्ते, दिवे, वज्र्या (पाय घासायच्या), पेट्या. दिनकर केळकरांनी वारलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं, म्हणजे संग्रहाच्या मुळाशीच एक घरगुती गोष्ट आहे. तिथे वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि प्रदर्शनात त्यातला थोडाच भाग. कुठल्याही संग्रहालयात जाताना हे लक्षात ठेवा की काम बहुतेक वेळा मागच्या खोलीत असतं, आणि तिथे प्रवेश मिळणार का ते पहिल्या दिवसाच्या आधी लेखी विचारा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, भाऊ दाजी लाड ही दोन नावं सगळ्यांना माहीत असतात, साहजिकच मागणी पण तिथेच जास्त, लवकर मेल टाका.

एक धोका सांगते. आमच्याकडची एक मुलगी एका संग्रहालयात गेली होती (नाव नको), तिला पूर्ण वेळ एक्सेलमध्ये नोंदी चढवायला बसवलं आणि उरलेल्या वेळात शाळेच्या सहली फिरवायला. सर्टिफिकेट सुंदर मिळालं. दागिना मात्र तिने काचेतूनच बघितला.

हुपरी, गुजरी आणि कारागीर

इथे उलटं. माणूस आहे, हात चालताना दिसतोय, पण वस्तू टिकत नाही, आज झाळलेलं (तापवून जोडलेलं) पैंजण आठवड्यात व्यापाऱ्याकडे आणि तिथून भलत्याच राज्यात. हुपरी हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूरहून बसने सहज जाता येतं, चांदीनगरी म्हणतात ते उगाच नाही. पैंजण, वाळे, जोडवी, तोडे. काम तुकड्यातुकड्यात वाटलेलं असतं, कुठे आटणी, कुठे तार ओढणं, कुठे साखळी, कुठे घुंगरू, कुठे झाळकाम, कुठे पॉलिश, आणि यातलं बरंचसं घराच्या सोप्यात किंवा स्वयंपाकघराच्या शेजारी बायका करतात. गंमत अशी की "दागिन्यांच्या गोष्टी" म्हणून आपण दागिना घालणारीकडे जातो, आणि तो घडवणारी बाई, जिच्या स्वतःच्या पायात कदाचित साधं पैंजण असेल, ती आपल्या डोक्यातच येत नाही. मला विचाराल तर हुपरीला जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पण इथे मेंटर म्हणजे कारागीर, आणि त्याची मजुरी कामावर ठरते. तुम्ही तासभर त्याला थांबवून "तुमचा प्रवास सांगा" म्हणालात तर तो तास त्याच्या खिशातून जातो. त्यामुळे काम चालू असताना बाजूला बसा, जे सांगेल ते ऐका, आणि मुलाखतीला वेगळं बसवायचं असेल तर त्या वेळेचे पैसे द्या, कॉलेजने द्यावेत, नाही दिले तर आधी भांडा. चहा-बिस्किटं म्हणजे मानधन नव्हे. शिवाय झाळकामाचा धूर आणि ॲसिडचा वास असतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून जा.

गुजरीत साज बनवणाऱ्यांकडे गेलात तर वेगळी मजा. कोल्हापुरी साजात २१ पानं, त्यातली १० दशावतारांची, ८ अष्टमंगल, आणखी माणिक, पाचू नि ताईत, असं सगळीकडे सांगतात. कागद-पेन्सिल घेऊन दोन वेगवेगळ्या कारागिरांना एकेक पान दाखवून नाव विचारा. चंद्र, कमळ, मासा, कासव इथपर्यंत गाडी नीट चालते, मग कारलं, बेलपान, वाघनख, भुंगा यावर याद्या जुळेनाशा होतात. तिथे "बरोबर यादी" शोधत बसू नका. दोन्ही जशाच्या तशा लिहून घ्या, कोणी सांगितलं आणि तो कोणाकडे शिकला तेही लिहा. आणि पटवेकरी सापडला तर त्याला सोडू नका. दागिने गाठवणारा हा माणूस सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला असतो, ठुशीचा गोंडा, तन्मणीचे सर, सगळं त्याच्या हातातून जातं, आणि कुठल्या घरची माळ किती वेळा तुटली हे त्याला पाठ असतं.

मुंबईत झवेरी बाजारात किंवा पुण्यात सराफी पेठांमागच्या गाळ्यांमध्ये गेलात तर बरेच कारागीर बंगालमधून आलेले भेटतील. कधी कधी पोरं नाराज होतात की "मराठी नथीची गोष्ट करायची होती आणि नथ बांधणारा हुगळीचा". अरे, मग तीच गोष्ट करा ना. फक्त हिंदी तरी बरी हवी.

घरं

सगळ्यात श्रीमंत माल इथे आहे आणि सगळ्यात जास्त भानगडी पण इथेच. वस्तू आहे, घालणारी आहे, आणि बरेचदा ज्याच्यावरून रुसवेफुगवे झाले तो जाऊबाईंचा किस्सा पण आहे.

पोरं पहिला प्रश्न विचारतात, "हा दागिना तुमच्यासाठी काय आहे?" आणि समोरून येतं "आईची आठवण आहे बाळा", संपलं. त्यापेक्षा विचारा की शेवटचा कधी घातला, कुणाकडून गाठवून घेतला, कधी गहाण पडला होता का, मोडून दुसरं काही केलं का, तेव्हा घट किती कापली. गहाणाचा प्रश्न आला की आवाज जरा खाली येतो आणि खरी गोष्ट सुरू होते, कुणाचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन, कुणाची विहीर, कुणाचं ऑपरेशन. एका बाईंच्या बोरमाळेत मधले थोडे मणी वेगळ्या रंगाचे होते, विचारल्यावर कळलं की बोअर मारायला तेवढेच विकले होते आणि नंतर त्या जागी बेन्टेक्सचे, म्हणजे खोटे, ओवले, घरात आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्याच्या सुद्धा!

काळ ठरवायला थोडा अभ्यास लागतो. आजी म्हणाली "माझं लग्न चौदा कॅरटच्या भानगडीत झालं", तर ते जानेवारी १९६३ नंतरचं, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी झाली, कितीतरी सोनारांच्या शेगड्या थंड झाल्या. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० ला रद्द झाला. वजनाचं पण बघा. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या दुकानातला १० चा, म्हणजे तिचे पाच तोळे आजच्या हिशेबाने ५८ ग्रॅमच्या वर जातात, आणि जुन्या पावतीवर मासे-गुंजा असतील तर १२ माशांचा तोळा आणि ८ गुंजांचा मासा. हे माहीत नसलं की मुलगी लिहून मोकळी होते "आजी थोडं वाढवून सांगत होती". आजी बरोबर होती.

अजून एक, अवघड. दागिने काढायच्या गोष्टी. जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या, नवरा गेल्यावर काय काय उतरवलं आणि कोणी उतरवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. हेरवाड आणि हुपरी दोन्ही एकाच जिल्ह्यात, म्हणजे एका ठिकाणी जोडवी घडतात आणि जवळच ती उतरवायची की नाही यावर गाव ठराव करतं. हा विषय घ्यावा, जरूर घ्यावा, पण विशीतल्या मुलीने किंवा मुलाने एकट्याने नाही. मेंटर सोबत हवा, आणि रेकॉर्डर बंद करा म्हटलं की तो त्या क्षणी बंद व्हायला हवा.

आता भानगडी. कॅमेऱ्यासमोर आजी सहज म्हणून जाते "हे तोडे धाकटीला देणार", आणि दुसऱ्या खोलीत थोरली सून ऐकत असते. संध्याकाळी तुम्हाला फोन येतो तो क्लिप डिलीट करा म्हणून. वाटणीबद्दलचं बोलणं ठेवायचं की नाही हे शूटिंगच्या आधीच ठरवून घ्या. दुसरं, सुरक्षितता. दागिना, चेहरा, आडनाव आणि गाव, या चार गोष्टी एका पोस्टमध्ये एकत्र नकोत. वजन तर नकोच नको. फोनमध्ये फोटोचं लोकेशन बंद करा, मागे दारावरची पाटी किंवा कपाट दिसतंय का बघा. पोरांना हे अती वाटतं, ज्यांच्याकडे एकदा चोरी झालीये त्यांना वाटत नाही. आणि संमतीच्या कागदावर "वापरायला परवानगी" एवढंच नको, कुठे वापरणार, आवाज की चेहरा, आणि नंतर नको म्हटलं तर काय, हे मराठीत, मोठ्या अक्षरात. रेकॉर्डिंगची कॉपी त्या घराला द्यायचीच, पेन ड्राइव्ह देऊन उपयोग नाही, नातवाच्या व्हॉट्सॲपवर टाका.

मेंटरांनी काय बघावं

थोडक्यात सांगते. म्युझियमवाल्यांना शिकाऊ हवे असतात पण वेळ नसतो, त्यांनी एका वेळी दोघांपेक्षा जास्त घेऊ नयेत असं माझं मत. कारागिराला मेंटर म्हणायचं तर कागदावर त्याचं नाव मेंटर म्हणूनच यायला हवं, "माहितीदार" म्हणून खाली बारीक अक्षरात नाही. घरांसाठी कॉलेजातलीच बाई किंवा सर मेंटर असतात, त्यांनी पहिल्या दोन-तीन भेटींना स्वतः जावं. तेवढं जमत नसेल तर तो पर्याय विद्यार्थ्यांना देऊच नये.

मग घ्यावं काय?

पुढे म्युझियममध्ये, कॉन्झर्वेशनमध्ये जायचंय, किंवा अनोळखी लोकांशी बोलताना घशाला कोरड पडते, तर म्युझियम घ्या, पण मागच्या खोलीचं पक्कं करूनच. डॉक्युमेंटरी, पत्रकारिता, डिझाइन डोक्यात असेल तर हुपरी. तिथे राहायची सोय स्वतः बघावी लागते आणि रोज जा-ये केली तर सकाळचं काम चुकतं, तेवढी तयारी ठेवा. नुसती घरं, पूर्ण १२० तासांसाठी, मी कुणालाच सांगत नाही. आधी ४० एक तास म्युझियम किंवा गुजरीत घालवा, ठुशी आणि वज्रटीक यातला फरक कळू दे, फासा कसा बघायचा ते कळू दे, आणि मग घरं घ्या. ज्यांनी असं केलं त्यांच्या मुलाखती वाचायला वेगळ्याच लागतात, कारण आजीला समोरच्याला कळतंय असं वाटलं की ती पेटीच्या खालचा कप्पा उघडते. हे दोन ठिकाणी विभागून करायला विभागप्रमुख कधी कधी कुरकुर करतात, दोन सह्या, दोन लॉगशीट वगैरे, पण विचारलं तर बहुतेक मिळतं.

वेळेचं पण बघा. पितृपक्षात काउंटरवरचे सराफ निवांत असतात, भरपूर बोलतात, पण कारागीर तेव्हा दसरा-दिवाळीच्या मालात बुडालेले, त्यांच्याकडे दिवाळी उरकल्यावर जा. लग्नसराईत कुणाकडेच नको. घरांसाठी मे महिना चांगला, माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि लॉकरमधलं सोनं लग्नांसाठी घरी आणलेलं असतं, फक्त दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका.