जनगणना २०११ चा डेटा: गाव मोजायला झकास, अहिराणी मोजायला नाही

ग्रामपंचायतीचे आराखडे, शाळेचे प्रस्ताव असली कामं करून देतो, त्यामुळे हा डेटा कायम उघडाच असतो. रिव्ह्यू २०११ चाच लिहितोय कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, २०२१ ची कोरोनात लटकली ती आता २०२७ वर गेली.

आधी चांगलं सांगतो. फुकट आहे, एक्सेलमध्ये मिळतं आणि थेट गावापर्यंत मिळतं. जिल्हा जनगणना पुस्तिकेचा भाग ब उघडला की घरं किती, बाया-माणसं किती, शून्य ते सहा वर्षांची पोरं, एससी-एसटी, शिकलेले, शेतकरी, शेतमजूर, सगळं एका ओळीत. प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तोच वापरा, नाव टाकून शोधू नका, पिंप्री आणि वडगाव आपल्याकडे जिकडे बघाल तिकडे आहेत.

मोजणी किती बरोबर? नंतर सरकारनेच तपासणी केली त्यात हजारी २३ माणसं सुटलेली निघाली. १२१ कोटींच्या कामात मला एवढं चालतं. पण ही देशाची सरासरी झाली. मोजणी होती ९ ते २८ फेब्रुवारी, आणि तेव्हा नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत असतात. नियम असा की त्या पूर्ण काळात जो गावी नाही तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, मग पाड्याचा आकडा कमीच दिसणार ना.

आता खरी गंमत भाषेच्या टेबलात. खान्देशी बोलणारे (अहिराणी यातच धरलीय) १९९१ ला ९.७३ लाख, २००१ ला २०.७५ लाख, २०११ ला १८.६० लाख. दहा वर्षांत डबल आणि पुढच्या दहात दोन लाख गायब, अशी काय साथ आली होती भो? २०११ ला खान्देशातले जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ७९ लाख लोक होते, त्यापुढे हा १८.६० लाखांचा आकडा कमीच वाटतो. प्रगणक बहुतेक शाळेतले मास्तर, आणि आपण सांगू तेच त्यांनी लिहायचं. घरात दिवसभर अहिराणी बोलणारा माणूस मास्तर समोर आले की म्हणतो, मराठीच लिखी ल्या. त्यामुळे अहिराणीवर प्रबंध करणाऱ्यांनो, हा आकडा बोलणाऱ्यांचा नाही, सांगणाऱ्यांचा आहे, तसाच वापरा.

धुळ्याचा १९९१ चा आकडा पुढच्यांशी लावताना पण जपून, नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, नाहीतर धुळं ओस पडलं असं वाटेल.

आजोबाचं नाव नि जात शोधायला मात्र इकडे येऊच नका. १९४८ च्या कायद्याने घराघरातली माहिती गुप्त आहे, कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाही. त्यासाठी कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि शाळेचा जुना दाखलाच शोधा.

शिळेपणाचे मार्क कापावेच लागतील. रेशनचा कोटा अजून २०११ च्याच लोकसंख्येवर, तेव्हा न जन्मलेली पोरं आता दहावीला आली!

पाचपैकी साडेतीन. पाण्याच्या टाकीचा आराखडा करायचा असेल तर बिनधास्त घ्या, फक्त पोरांचा आकडा अंगणवाडीताईंच्या रजिस्टरशी ताडून बघा, तो ताजा असतो.