वॉश आणि इंक: सांगाड्यांच्या पलटणीवर काही महिने वापरल्यानंतर

वॉरगेमिंगच्या म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळाच्या मिनिएचर (छोट्या पुतळ्या) रंगवणाऱ्यांत वॉशला, म्हणजे खाचांत उतरून सावली करणाऱ्या पातळ रंगाला, लाडाने ‘लिक्विड टॅलेंट’ म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून मी सांगाड्यांच्या पलटणीवर आणि थोड्या ऑर्क्सवर (काल्पनिक राक्षसी सैनिकांवर) वॉश आणि इंक म्हणजे गडद शाई, दोन्ही वापरतेय. माझ्या मते ते नाव निम्मंच खरं आहे. बाटली आपलं काम चोख करते, पण कुठे लावायचं आणि कुठे हात आवरायचा हे ती सांगत नाही. नवख्यांचा सगळा घोळ तिथेच होतो.

माझ्याकडे आहे ते असं. सिटाडेल या ब्रँडच्या वॉशच्या १८ मिलीच्या तीन डब्या: अॅग्रॅक्स अर्थशेड म्हणजे गडद तपकिरी, नल्न ऑइल म्हणजे काळा आणि अंगाच्या रंगासाठी तांबूस राइकलँड फ्लेशशेड. आर्मी पेंटर या दुसऱ्या ब्रँडचा तपकिरी वॉश स्ट्राँग टोन, थेंब पाडायच्या बाटलीत. शिवाय डेलर-राउनीच्या एफडब्ल्यू अॅक्रिलिक इंकच्या २९.५ मिलीच्या काळ्या आणि सेपिया बाटल्या. जुने लेख वाचत असाल तर ‘डेव्हलन मड’ हे सिटाडेलच्या जुन्या तपकिरी वॉशचं नाव हमखास भेटेल. ते शोधत बसू नका. २०१२ साली सिटाडेलने रंगांची सगळी मालिका बदलली तेव्हा ते गेलं, आणि त्याच्या नावाने हळहळणारे अजून आहेत. २०२२ मध्ये शेड्सचं, म्हणजे सिटाडेलच्या वॉशचं, मिश्रण पुन्हा बदललं. आताचं द्रव सपाट भागावर कमी डाग धरतं आणि खाचांत जास्त उतरतं. म्हणून जुना व्हिडिओ बघून तंतोतंत तसंच व्हायला हवं, असा हट्ट नको.

वॉशमध्ये रंगद्रव्य थोडं असतं, बाकी पातळ मीडियम (रंगद्रव्याशिवायचं द्रव) आणि ते पसरायला मदत करणारं द्रव्य. ब्रश टेकवला की ते उंचवट्यांवरून घसरून खाचाखोचांत शिरतं आणि तिथे गडद वाळतं. २८ मिमीच्या मिनीवर नाक, बोटं, कपड्याच्या घड्या मुद्दाम ठसठशीत कोरलेल्या असतात, त्यामुळे वॉशला धरायला जागाच जागा मिळते. सांगाडा तर त्याच्यासाठीच घडवल्यासारखा.

बरगड्यांचा पिंजरा घ्या. हाडाच्या रंगाचा प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर पूर्ण वाळलेला असावा. २ नंबरचा साधा सिंथेटिक गोल ब्रश तपकिरी वॉशमध्ये बुडवा, टोक कागदावर एकदा टेकवा आणि वरच्या बरगडीपासून खाली या. दोन बरगड्यांमध्ये द्रव साचतं ते बरोबर आहे. छातीच्या तळाशी टपोरा थेंब लोंबकळतो तो मात्र नको. धुऊन पुसलेला, जेमतेम ओला दुसरा ब्रश त्या थेंबाला नुसता लावा, तो थेंब शोषून घेतो. मग हात बाजूला. वाळल्यावर मूळ हाडाचाच रंग घेऊन फक्त बरगड्यांचे माथे, कवटीचं कपाळ, गालाची हाडं आणि गुडघे उजळवा. हे शेवटचं काम लोक गाळतात आणि मग ‘वॉशने सगळं मळकट केलं’ म्हणून कुरकुरतात. मळकटपणा येतो तो उंच भाग परत न उजळवल्यामुळे.

सपाट जागा हे वॉशचं खरं दुखणं. ढाल, पाठीवरचा झगा, रथाची फळी. थेंबाची कड आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सोबत रंग घेऊन जातं. टेबलावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटतं, अगदी तेच. त्यावर अर्धवट वाळलेल्या अवस्थेत ब्रश फिरवला की वर्तुळाचा नकाशा होतो. ढालीवर मी आता फक्त कडेच्या पट्टीलगत आणि खिळ्यांभोवती वॉश लावते, मधला भाग कोरडाच ठेवते. पातळ करायचं तर पाण्याने नाही, मॅट म्हणजे न चकाकणाऱ्या मीडियमने. नुसतं पाणी घातलं तर डाग वाढतात.

काळ्या वॉशबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे: तो धातूपुरता ठेवावा. तलवारी, साखळ्या, चिलखत यांवर त्याला तोड नाही. पण अंगावर, कापडावर सरसकट फासला की पलटण कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसते. पिवळ्यावर तर लावूच नका, हिरवट झाक येते, तिथे सेपिया.

आता इंक. नवखे इंकला दाट वॉश समजतात आणि तसंच वापरतात. इंकमध्ये रंगद्रव्य भरपूर आणि ती पारदर्शक. अॅक्रिलिक असल्यामुळे वाळली की पाण्याने निघत नाही, आणि वर चकाकते. थेट लावली तर खाचा गडद होतातच, पण उंचवटेही रंगून बसतात. हाच गुण चंदेरी धातूवर कामाला येतो. सेपियाचा पातळ हात दिला की चांदीचं जुनं पितळ होतं, आणि ही एक युक्ती मला कुठल्याही महागड्या धातुरंगापेक्षा जास्त उपयोगी पडली. चकाकी नको असेल तर शेवटी मॅट वार्निश.

इंकचा दुसरा फायदा खिशाला: तिच्यापासून घरीच वॉश करता येतो. मॅट मीडियम आणि पाणी समान घ्यायचं, त्यात काही थेंब इंक, जमल्यास थेंबभर फ्लो इम्प्रूव्हर, म्हणजे रंग सहज पसरवणारं द्रव. पांढऱ्या बशीवर ओघळ सोडून बघायचा, गडद वाटला तर मीडियम वाढवायचं. भांडी घासायचा साबण घाला असा सल्लाही मिळतो. माझ्याकडे त्याचा फेसच झाला आणि बुडबुड्यांचे ठिपके कवटीवर वाळले. गर्दीतल्या साध्या सांगाड्यांना हा घरचा वॉश पुरतो. चेहऱ्यांसाठी मात्र मी अजून विकतचा फ्लेशशेडच काढते, कारण तो जास्त एकसारखा वाळतो.

ठाण्यातला पावसाळा हा वेगळाच अध्याय. एरवी अर्ध्या तासात वाळणारा वॉश जुलैत ओलाच राहतो आणि हळूहळू पायांकडे उतरून बेसवर म्हणजे पायाखालच्या चकतीवर तळं करतो. म्हणून अधूनमधून मिनी आडवी-उलटी करून ठेवावी लागते. त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत मारलेला स्प्रे प्रायमर खरखरीत येतो, आणि त्या खरखरीत प्रत्येक कणाला वॉश चिकटतो. त्या महिन्यांत मी प्रायमर ब्रशनेच लावते. हेअर ड्रायर लावायचा तर लांबून आणि गार हवेवर, नाहीतर ओला वॉश फुंकरीने दुसरीकडेच सरकतो.

‘मग काँट्रास्ट रंगच घेऊन टाकू का?’ असं बरेच जण विचारतात. ते सिटाडेलचे रंग २०१९ मध्ये आले, नंतर आर्मी पेंटरचे स्पीडपेंट. फिक्या प्रायमरवर रंग आणि सावली एकाच हातात मिळते, घाईच्या गड्याला ठीक. पण सावली किती आणि कुठे, हे त्यात आपल्या हातात कमी राहतं. आधी वॉश शिकावा, असं मला वाटतं.

आणि हो, उघड्या तोंडाची डबी कलंडतेच. तळाला ब्लू टॅक (चिकट पुट्टी) लावून लाकडी ठोकळ्यावर बसवा, टेबलक्लॉथ वाचेल.

खरेदीचा क्रम विचाराल तर आधी तपकिरी वॉश, मग काळा, मग मॅट मीडियमची मोठी बाटली. इंक सगळ्यात शेवटी. मीडियम मोठंच घ्या. वॉशच्या डब्या अर्ध्या भरलेल्या असताना माझं ते संपलंय.