थंड राहिलेले चाक: ट्रेलरचे बेअरिंग, पाटे आणि ब्रेक बदलल्यानंतरचे १४ महिने

गेल्या वर्षी जुलै महिन्यात कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना आमचा सहलीचा ट्रेलर ट्रकला मागून ढकलू लागला आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकचा जोर ठरवणाऱ्या, ट्रकमधल्या यंत्राचा) आकडा वाढवत नेला तरी त्याचा रेटा कमी होईना. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, पुढचा उतार सात टक्क्यांचा आहे आणि सामान व पाणी भरलेला आमचा ट्रेलर ९,००० पौंडांच्या वर होता. ट्रकमध्ये मागच्या सीटवर मुले बसलेली होती. मी खालच्या गिअरवर गाडी आवरत कशीबशी पायथ्याशी आणली आणि चारही चाकांवर तापमापक धरला. पुढची दोन ड्रम (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची पिंपे) ३५० अंश फॅरनहाइटपर्यंत तापली होती, तर मागची दोन जेमतेम १३० वर होती. तापलेल्या चाकांचे बेअरिंग गेले असावे, असा माझा पहिला तर्क होता, पण तो साफ चुकीचा ठरला. दोष थंड चाकांत होता, कारण ती ब्रेक लावतच नव्हती आणि त्यांच्या वाटणीचे काम पुढच्या दोघांवर पडले होते.

थंड राहिलेली ड्रम उघडल्यावर लायनरवर (ड्रमला आतून घासून चाक रोखणाऱ्या अस्तरावर) काळसर, चकचकीत ग्रीसचा थर दिसला. सहलीच्या महिनाभर आधी एका सर्व्हिस केंद्राने धुरीच्या (दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाच्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरण्याच्या तोटीतून, हवेच्या गनने ग्रीस भरले होते, तेही चाक न फिरवता. या रचनेत ग्रीस आधी आतल्या बेअरिंगच्या मागे, म्हणजे ग्रीस अडवून धरणाऱ्या ऑइल सीलपाशी थेट पोहोचते आणि तिथून दोन्ही बेअरिंगमधून बाहेरच्या टोकाकडे येते. दाब एकदम वाढला की सील हार मानते आणि ग्रीस ड्रममध्ये उतरते. केंद्राने याला नेहमीची झीज म्हटले आणि माझ्या तिसऱ्या पत्रानंतर फक्त मजुरी माफ केली. भिजलेले लायनर पुसून उपयोग नसतो, कारण तापल्यावर मुरलेले तेल पुन्हा वर येते. जेमतेम काही डॉलरच्या सीलपायी दोन चाकांचे ब्रेक गेले, याचा राग मला आजही आहे.

त्यानंतर बेअरिंगचे काम मी स्वतःकडे घेतले. आमच्या ५,२०० पौंडी धुरीला आत २५५८० आणि बाहेर १५१२३ क्रमांकाचे बेअरिंग लागते. तरी जुन्यावर कोरलेला क्रमांक वाचूनच नवे मागवावे. निपल आता मी वापरत नाही. वडिलांचे कऱ्हाडला गॅरेज होते. ते तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर अशी दाबत, की प्रत्येक रोलरच्या फटीतून पलीकडे ग्रीसचे बारीक दाणे उमटत. तसे दाणे दिसेपर्यंत मीही थांबत नाही. नट आवळताना हब (चाकाचा मधला भाग) फिरवत ५० फूट-पौंडांपर्यंत नेतो, मग हब न हलवता सैल करतो आणि शेवटी फक्त बोटांनी लावून खीळ घालतो. दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा, हे काम करायचे आणि प्रत्येक वेळी सील नवेच घालायचे. जुने कितीही चांगले दिसले तरी परत बसवायचे नाही.

ब्रेकच्या बाबतीत सुटे लायनर घेण्यापेक्षा ज्या प्लेटवर ब्रेक बसवलेला असतो ती संपूर्ण प्लेट, चुंबक (वीज मिळाल्यावर ब्रेक लावणारा भाग) आणि लायनरसह, घेणे स्वस्त पडले. मी आपोआप जुळणारा प्रकार घेतला आणि आता याकडे पाहायला नको, असे सुरुवातीला मित्रांना ठामपणे सांगितले. ते मत मी मागे घेतो. सुमारे ६,००० मैलांनंतर एका चाकात लायनर आणि ड्रम यांतले अंतर बरेच वाढलेले आढळले, म्हणून आता दर हंगामाआधी चाक उचलून हाताने तपासतो. दुसरी सुधारणा तारेची केली. चार चुंबक मिळून सुमारे १२ अँपिअर घेतात आणि कारखान्यातून आलेल्या बारीक तारेत मागच्या चाकापर्यंत व्होल्टेज बरेच पडत होते. जाड तार ओढल्यावर जो फरक पडला, तो इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेही पडला नसता. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक निःसंशय सरस आहेत, पण दोन्ही धुऱ्यांसाठी मला मिळालेला दर ३,००० डॉलरच्या वर होता. ट्रेलर १२,००० पौंडांचा असता, तर मी तो खर्च विनातक्रार केला असता.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बाबतीत मात्र अनपेक्षित आनंद झाला. मूळचे नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) दुसऱ्याच हंगामात झिजून बोल्ट शॅकलला (पाटा टांगणाऱ्या पट्टीला) घासू लागले होते. त्यांच्या जागी काशाचे बुश, ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि जाड शॅकल बसवले. इथे मात्र निपल निर्धास्तपणे वापरावे, कारण जवळपास ब्रेक नाही. दोन धुऱ्यांमध्ये भार वाटणारा, रबर बसवलेला इक्वलायझर पत्नीच्या आग्रहाने घेतला. मला तो चैनीचा वाटत होता, पण वायोमिंगच्या खडबडीत रस्त्यांवरूनही कपाटातला एकही कप फुटला नाही, तेव्हा मी तिचे मनापासून आभार मानले.

या सप्टेंबरमध्ये, ९,००० मैल पूर्ण होता होता, आम्ही तोच उतार पुन्हा उतरलो. पायथ्याशी थांबून मी चारही ड्रम मोजली. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड यांत २० अंशांचाही फरक नव्हता. घरी आल्यावर मागचे डावे चाक उघडले. लायनर कोरडे होते, सीलच्या कडेला ग्रीसचा थेंबही नव्हता. तरीही ते सील मी काढून टाकले आणि नवे ठोकले.