कमी रनिंगची जुनी की जास्त रनिंगची नवी?

सेकंडहँड गाडी बघायला लागलं की थोड्याच दिवसांत एकाच किमतीच्या दोन गाड्या समोर येतात. एक बारा वर्षांची, पण जेमतेम ३८,००० किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची, आतून लख्ख. दुसरी पाच वर्षांची, मीटरवर १,१५,०००, बोनेटवर खडीचे टवके. मी आधी पहिली घेतली, सात महिने वापरून विकली आणि मग दुसरी घेतली. तेव्हा माझ्याकडून पूर्ण तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण चुकीचं मूळ तिथे आहे. नऊ वर्षं परदेशात होतो आणि एकदाही गाडीची गरज पडली नाही. ट्रेन, सायकल, पाय. गाडीशी संबंध आला तो टॅक्सीच्या मागच्या सीटवरून. एवढ्या काळात गाडी चालवण्याची सवय तर जातेच, पण गाडी ऐकण्याचा कानही जातो. क्लच किती वर येऊन धरतो, ब्रेक दाबल्यावर कुठला आवाज साधा आणि कुठला काळजीचा, काही आठवत नाही. मग माणूस गाडीकडे सोफ्याकडे बघावं तसं बघतो: स्वच्छ आहे ना, फाटलेलं नाही ना, कमी वापरलाय ना. मीही तसंच पाहिलं.

३८,००० किलोमीटर बारा वर्षांत म्हणजे दिवसाला नऊसुद्धा नाहीत. हा हिशेब मी विकत घेताना केला होता आणि खूश झालो होतो. तोच नंतर वेगळ्या नजरेनं केला. रोज चार किलोमीटर जायचं, चार यायचं. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला ते वाफ होऊन बाहेर पडतं, छोट्या फेऱ्यांत सायलेन्सरमध्येच साचतं आणि तो आतून गंजतो. माझा सहाव्या आठवड्यात गळाला.

रबराला तर किलोमीटर कळतच नाहीत, त्याला वर्षं कळतात. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक होती, म्हणून मी कौतुकानं हात फिरवला होता. कडेला कोरलेले चार आकडे वाचायचे असतात हे मेकॅनिकनं शिकवलं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझे टायर गाडीइतकेच जुने निघाले. टायमिंग बेल्टचंही तेच, त्याला अंतराची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, आणि दोन्हीतली जी आधी येईल ती खरी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी चालो न चालो. हे सगळं बदलून घेतलं. पैसे गेले, पण तोवर माझी तक्रार नव्हती.

गाडी विकायला लावली ती वासानं.

पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर ओल्या गोणपाटासारखा वास आला. मॅट उचलून पाहिली, कोरडी. खालचा गालिचा वरून कोरडा. काचा मात्र आतून धुरकटलेल्या. आठवड्यानं कुणीतरी सुचवलं म्हणून गालिचा तळव्यानं जोरात दाबला, तर बोटांमधून पाणी वर आलं. गालिच्याखाली जाड नमदा असतो, तो स्पंजासारखं पाणी धरून बसतो. दाराचं रबर कडक होऊन आकसलं होतं, ते बदललं. तरी पाणी आलंच. मग कळलं, पुढच्या काचेच्या तळाशी पाणी वाहून जायची भोकं असतात, ती पाल्यापाचोळ्यानं बुजली होती. गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असणार. भोकं साफ केली, सीट काढल्या, नमदा चार दिवस उन्हात टाकला. वास गेला. पुढच्या पावसात परत आला. चारचौघांना गाडीत बसवताना आधी काचा खाली करून दहा मिनिटं थांबायचं, हे मला जमेना. इंजिन अजूनही गोड चालायचं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरी गाडी फिरतीच्या नोकरीतल्या माणसाची. रोज लांबचा मोकळा रस्ता, एकदा सुरू केली की दोन-तीन तास बंद नाही. ड्रायव्हर सीटची एक कड बसलेली, स्टिअरिंग घासून चकचकीत, क्लच प्लेट मला वर्षाच्या आत टाकावी लागली. पुढच्या काचेवर बारीक ओरखडे आहेत, रात्री समोरून दिवे आले की चमकतात. पण सर्व्हिसची प्रत्येक नोंद होती, आणि मीटर मागे फिरवला असेल अशी शंका इथे फारशी येत नाही. फिरवणारा तो १,१५,००० वर कशाला थांबेल? दोन वर्षं झाली. क्लच सोडला तर खर्च टायर आणि ऑइलचाच.

आता माझ्या दोन गाड्यांवरून सगळ्यांचं भाकीत करणं बरं नाही. तुमच्याकडे ओळखीचा मेकॅनिक असेल, छपराखाली जागा असेल आणि पहिल्या वर्षी रबराचं सगळं सामान बदलायची तयारी असेल, तर कमी चाललेली जुनी गाडी चांगली निघूही शकते. आणि जास्त चाललेली गाडी शहरातल्या गर्दीत चालली असेल, तर माझं म्हणणं बरंच लंगडं पडतं. तिथे क्लच आणि ब्रेक दर किलोमीटरला कितीतरी जास्त झिजतात. रनिंग किती हे विचारण्याआधी कुठलं, ते विचारा. पण माझ्यासारखे बऱ्याच वर्षांनी गाडीकडे वळत असाल, कान अजून तयार नसेल, तर मी तरी टवके पडलेल्या बोनेटकडेच झुकेन.

कुठलीही बघा, जमलं तर पावसानंतर दुसऱ्या दिवशी बघा. पुढच्या सीटखालचा गालिचा दाबा, डिक्कीत स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात गंज आहे का पाहा. आणि काचा लावून दोन मिनिटं आत नुसते बसा. माझी पहिली गाडी ज्यांनी घेतली त्यांना मी हे सगळं करायला लावलं होतं, वासासकट. त्यांनी किंमत थोडी पाडून मागितली, मी दिली. त्यांच्याकडे बंद गॅरेज होतं.