हायवेवरचं काउबॉय हॉटेल: बीन्स झकास, शिंगं मात्र आमच्या खिलारची

साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेला लागूनच हे हॉटेल आहे. तक्रारी आहेत म्हणून नाव लिहीत नाही, पण दारात ताडपत्री ताणलेली गाडी दिसली की समजा. मी पशुसंवर्धन खात्यातला निवृत्त माणूस, सगळी नोकरी माण-खटावात गुरांच्या मागं गेली. त्यामुळं ताटाइतकंच भिंतीकडंही बघितलं.

बीन्स पहिल्या नंबरच्या. मंद आचेवर शिजलेल्या, गाळ न झालेल्या, तिखट बेताचं. चिकनला कोळशाचा खरा धूर लागलेला. मक्याचा ब्रेड म्हणजे गोड केक, तो सोडा. टिनच्या मगातली कॉफी कडक, फक्त मगाची कड ओठ भाजते. ‘काउबॉयचं रोजचं जेवण’ म्हणून जो चिकन स्टेक छापलाय, त्यावर मात्र हसू आलं. स्टेक मुळात गुरांच्या मांसाचा, आणि काउबॉय म्हणजे गुरांचे कळप हाकत दूरच्या बाजारात नेणारे अमेरिकेतले गुराखी. विकायला काढलेलं जनावर वाटेत रोज कापून खाल्लं तर बाजारात काय नेणार? त्या लोकांचं रोजचं म्हणजे बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाचा पाव आणि काळी कॉफी.

मेनूकार्डाच्या पाठीमागं टेक्सासमधला गुरांचा मोठा मालक चार्ल्स गुडनाइट याची गोष्ट आहे. 1866 मध्ये त्यानं लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणांची पेटी बसवली, झाकण खाली पाडलं की आचाऱ्याचा ओटा तयार. हीच ती चकवॅगन, काउबॉयांचं चाकांवरचं स्वयंपाकघर. हॉटेलवाल्यांनी दारातल्या गाडीचं ते झाकण खिळे मारून बंद केलंय आणि वर बडीशेपेची वाटी ठेवलीय! त्याच वर्षी तो आणि त्याचा भागीदार ऑलिव्हर लव्हिंग कळप घेऊन न्यू मेक्सिकोला निघाले. पेकोस नदीपर्यंत तीन दिवस पाण्याचा थेंब नाही; पाण्याचा वास लागल्यावर तहानलेली गुरं उधळली. पुढच्या वर्षी कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी होऊन लव्हिंग गेला. एवढं कार्डावर बरोबर आहे. पण 1876 मध्ये गुडनाइट टेक्सासमधल्या पालो ड्युरोच्या ‘रिकाम्या’ दरीत उतरला, हे पटत नाही. दरी रिकामी नव्हती, केली होती. 1874 मध्ये सैन्यानं तिथल्या कोमांची, कायोवा, शायान लोकांना हुसकलं आणि त्यांचे हजारावर घोडे गोळ्या घालून मारले.

आता शिंगं. काउंटरमागं ‘टेक्सास लाँगहॉर्न’ (तिकडची लांब शिंगांच्या गुरांची जात) अशी पाटी लावून जी जोडी टांगलीय, ती खिलारची. लाँगहॉर्नची शिंगं दोन्ही अंगांना आडवी पसरतात. ही बुडाशी जवळजवळ, मागं झुकून वर गेलेली, साळून गुळगुळीत केलेली, आणि टोकाला शेंबी बसवल्याची गोल खूण तशीच. पुसेगावच्या यात्रेत एखाद्या बैलानं मिरवली असतील. मॅनेजरला दाखवलं तर म्हणतो, “काका, लांब आहेत ना? मग झालं!”

भिंतीवरच्या बंदुकांबद्दलही असंच. पोराटोरांना वाटणार, सगळा वेळ हाणामारी चालायची. अहो, यातल्या बऱ्याच बंदुका गोचिडासाठी उपसल्या गेल्या! दक्षिण टेक्सासची गुरं स्वतः ठणठणीत असायची, पण ज्या वाटेनं जायची तिथली गुरं तापानं पटापट मरायची. कॅन्सस, मिझुरीचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवायचे. पुढं 1880 च्या दशकात खुद्द गुडनाइट आणि त्याच्या शेजाऱ्यांनी दक्षिणेकडून येणारे कळप विंचेस्टर रायफली रोखून परत फिरवले. कारण कुणालाच माहीत नव्हतं. ताप गोचीड पसरवतं हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी 1893 मध्ये दाखवलं. आमच्याकडं गावरान गाय गोचीड अंगावर घेऊन निवांत रवंथ करते आणि शेजारची संकरित गाय लाल लघवी करून आडवी होते, तोच हा आजार. याची एक ओळ कार्डावर असती तर गुराखी काय जगत होता ते कळलं असतं.

गुडनाइटच्या बायकोबद्दलही कार्डावर अक्षर नाही. मॉली त्या दरीत महिनोन्‌महिने दुसरी बाई न बघता राहिली; कुणी तीन कोंबड्या आणून दिल्या तर कापल्या नाहीत, सोबतीला पाळल्या.

बिल साताऱ्याच्या मानानं जरा चढं, पोरं नम्र, पार्किंग ऐसपैस. रविवारी दुपारी गाडीपुढं फोटोवाल्यांची रांग असते, तेव्हा टाळा. बीन्सबरोबर ज्वारीची भाकरी मागा. कार्डावर नाही, पण विचारलं तर करून देतात.