लिफ्ट न केलेल्या हायलक्सला कोणते ऑल-टेरेन टायर: २६५/६५, २६५/७० की २८५/७०?

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे सुटे भाग) न लावता टोयोटाच्या हायलक्स पिकअपला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर घालायचे ठरवले, की प्रश्न तीन मापांवर येऊन थांबतो. कंपनीचंच २६५/६५ आर१७, एक पायरी वरचं २६५/७० आर१७ आणि फोटोत सगळ्यांना आवडणारं २८५/७० आर१७. हे मी १७ इंची रिमच्या स्टँडर्ड गाडीबद्दल लिहितोय. हाय व्हेरिएंटला १८ इंची रिमवर २६५/६० येतो, पण चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच भरते.

आधी आकडेमोड. २६५ मिमी रुंदी, तिच्या ६५ टक्के साइडवॉल (टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची), आत १७ इंची रिम. हिशेब केला तर मूळ चाक ७७६ मिमी उंच, २६५/७० चं ८०३ आणि २८५/७० चं ८३१. फरक भरपूर वाटतो, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते ती त्याच्या निम्मीच, कारण उरलेली निम्मी वाढ आसाच्या वर जाते. म्हणजे २६५/७० घातल्यावर तुम्हाला मिळतात १३ मिमी, करंगळीच्या जाडीएवढे. २८५/७० ला २७ मिमी. ‘पोटाला दगड लागतो म्हणून मोठे टायर घालतोय’ असं कुणी म्हणालं की मी हेच आकडे पुढे ठेवतो. एवढ्यासाठी पाच टायरांचा खर्च करू नये.

मग २६५/७० घ्यावंच कशाला? साइडवॉलसाठी. ती १७२ वरून १८५ मिमी होते. मुरमाड रस्त्यावर हवा थोडी उतरवली की हीच वाढीव उंची दणके गिळते आणि खड्ड्याच्या कडेवर रिम आपटायची वाचते. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या तुकड्यांवरून किंवा खाणीच्या रस्त्यानं रोज जाणं असेल, तर हा फरक पहिल्याच आठवड्यात पाठीला कळतो.

चिखलाचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच माणसांची सगळ्यात जास्त निराशा होते. आपल्याकडचा चिखल एका जातीचा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची तांबडी माती पावसात निसरडी होते, पण खाली बहुतेक ठिकाणी घट्ट थर असतो. ऑल-टेरेनच्या खाचा तिथपर्यंत पोचतात आणि गाडी निघते. काळी माती तशी नाही. जुलैतल्या पाणंदीवर ती टायरला लोण्यासारखी लिंपत जाते, चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन बसतं. मग टायर २६५ असो की २८५, चाकोरीतून बाहेर येत नाही. त्या मातीला मड-टेरेनच्या रुंद, उघड्या खाचा लागतात, आणि खरं सांगायचं तर चांगल्या पावसानंतर तिथे ट्रॅक्टरच न्यावा. म्हणून ऑल-टेरेन निवडताना मापापेक्षा खाचांकडे जास्त बघा: कडेचे ठोकळे एकमेकांपासून सुटे आहेत का, खाच रिकामी व्हायला जागा आहे का.

आता घसटीचा प्रश्न. मूळ मापाचा ऑल-टेरेन कुठेही घासत नाही. २६५/७० बहुतेक वेळा बसतो; फार तर स्टीअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना मडफ्लॅपला किंवा आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागतो, तेवढं मागे सरकवून किंवा कापून भागतं. २८५/७० चं तसं नाही. उंचीबरोबर रुंदीही वाढल्यानं पुढचं चाक वळताना मागच्या बाजूला केबिनच्या माउंटपाशी भिडतं, आणि सस्पेन्शन दबलं की जास्तच. त्यासाठी लोखंड कापून पुन्हा वेल्डिंग करणं आलं, किंवा लिफ्ट. जी गाडी लिफ्ट करायचीच नाही तिला हे माप मी सुचवणार नाही. काही दुकानदार त्यावर बाहेर निघणारी रिम घालून देतो म्हणतात. तसं करू नका. चाक जितकं बाहेर, तितका मोठा गोल काढत ते वळतं, म्हणजे घसट कमी व्हायच्या ऐवजी वाढते, आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

वेगाच्या काट्याचं गणित: २६५/७० वर १०० दिसताना खरा वेग साधारण ३.४ टक्के वाढतो. कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवत असल्यानं हे बरंचसं जुळून येतं. २८५ वर ती वाढ ७ टक्के. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, त्यामुळे ‘टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं’ यातला काही भाग निव्वळ मोजणीचा असतो. उरलेला खरा, कारण चाक जड होतं. हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनाला घाटात एक पायरी वरच्या चाकाचा त्रास जाणवू नये. इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपवाल्यांनी मात्र जपून. १.९ लिटरला टर्बो जागा होईपर्यंत दम लागतो. त्यांच्या २५५/६० आर१८ वरून २६५/६० आर१८ वर जावं, चाक ७६३ चं ७७५ मिमी होतं, आणि तिथेच थांबावं.

एकाच मापात साधा आणि एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड ओझ्यासाठीचा) असे दोन प्रकार मिळतात, त्यावर लोक पुरेसा विचार करत नाहीत. साध्या टायरवर ११२ असा भारांक असेल तर एका चाकाची क्षमता ११२० किलो. एलटीवर १२१ असेल तर १४५० किलो. ऐकायला एलटीच बरा वाटतो. पण तो काही किलोंनी जड, साइडवॉलला ताठ, आणि तेवढाच भार पेलायला हवा जास्त मागतो. हौदा रिकामा असताना पाट्यांच्या स्प्रिंगवरची गाडी आधीच उडते, त्यात हा टायर भर घालतो. धारदार खडी आणि रोजचं ओझं असेल तरच एलटी. बाकीच्यांनी साधा घ्यावा. मुंबई-गोवा महामार्गावर पावसात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की ऑल-टेरेन ओल्या काँक्रीटवर साध्या हायवे टायरपेक्षा उशिरा थांबतो.

मिळण्याचाही विचार करा. २६५/६५ आर१७ हे फॉर्च्युनरच्या टू-व्हील ड्राइव्हचंही माप, त्यामुळे आडगावात साइडवॉल फाटली तरी जवळच्या शहरात जोड मिळते. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो. हौसेनं घेतलेल्या परदेशी मापाचा एकच टायर नंतर शोधत बसणं वाईट. शिवाय कलम ५२ आहेच: निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल मोटार वाहन कायद्याला चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलं. काटेकोर बोलायचं तर २६५/७० सुद्धा त्यातून सुटत नाही. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

माझा कौल असा: महिन्यातून दोनदा शेतावर जाणाऱ्यानं मूळ मापातच चांगला ऑल-टेरेन घ्यावा. रोज खडी-मुरमावर असणाऱ्यानं २६५/७०, आणि पाचही. जुनी स्टेपनी मागच्या आसावर लावून फोर-व्हील किंवा डिफ लॉक (आसावरची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारं कुलूप) वापरला, तर लहान-मोठ्या चाकांची ओढाताण थेट गिअरवर येते. नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसते का, तेही दुकानातच बघून घ्या.

पैसे देण्याआधी दोनच टायर पुढे चढवून घ्या. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, रिव्हर्समध्येही, आणि दुसऱ्या कुणाला तरी चाकाजवळ उकिडवं बसून ऐकायला सांगा. आवाज आला नाही, तरच बाकीचे तीन चढवू द्या.